सत्तर मीटरचा चढ

"सत्तर मीटर." कनिष्ठ अभियंता ढेकणेने कागद पुढे सरकवला. "विहिरीपासून वाडीच्या माथ्यावरच्या टाकीपर्यंत चढ अठ्ठावन्न, पाइपातलं घर्षण बारा. तेवढं चढवणारा पंप हवा."

"पंप कधीच आलाय, पन्नास मीटरचा," उपअभियंता म्हणाले. "गणित त्याच्या मापाचं करा. पाइप नवेकोरे आहेत, घर्षण कशाला धरता?"

"पाण्याला ते कळत नाही, साहेब."

"मग टाकी वीस मीटर खाली घ्या. वाडीतल्या बायांना चढायची सवय आहे."

ढेकणे दुपारभर नकाशाकडे बघत बसला आणि संध्याकाळी त्याने टाकी खाली घेतली. गणित बिनचूक जमलं. वाडीतल्या घरांचे नळ तेवढे रद्द करावे लागले.

उद्घाटनाच्या दिवशी वाडीतली म्हातारी गजराबाई टाकीवर हंडा भरून आली. ओल्या हातांनी तिने ढेकणेचे गाल कुरवाळले आणि कडाकडा बोटं मोडली. "पार विहिरीपर्यंत उतरावं लागायचं रे लेकरा. निम्मी वाट वाचवलीस तू."

अहवालात 'लाभार्थी समाधानी' असं लिहिताना ढेकणेला एक अक्षरही खोटं लिहावं लागलं नाही.