हाताची की पायाची
“अकरा दिवस बेडीत ठेवलं, साहेब. झोपतानासुद्धा काढली नाही,” कैद्याने सांगितलं. मी कोर्टातला दुभाषी; मराठी न येणाऱ्या न्यायाधीशांना त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत होतो. जेवणाच्या सुट्टीची घाई होती; सुचलं ते ‘हँडकफ्स’ म्हणून मोकळा झालो. “हातकड्या नियमात बसतात,” म्हणत न्यायाधीशांनी तक्रार फेटाळली. मी ते सांगताच कैदी गोंधळला. “हाताचं कोण बोलतंय, दादा?” त्याने पँट वर केली. घोट्याभोवतीची कातडी सोलून निघाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायातल्या बेड्यांना ‘शॅकल्स’ म्हणतात आणि त्या घालायला मनाई आहे, हे मला ठाऊक होतं. मी उठून इंग्रजीत चूक कबूल केली. न्यायाधीशांनी तक्रार पुन्हा ऐकायला घेतली. बाहेर नेताना कैद्याने माझे हात धरले. “तुम्ही होतात म्हणून ऐकलं त्यांनी, दादा.” त्याच्या भाषेत चूक कबूल करायला माझी जीभ रेटेना.