कनातीवरून विमान

पहिलं विमान डोक्यावरून घोंघावत गेलं आणि कनातीच्या आत बसलेल्या बायकांना छताच्या कापडावरची लाल फुलं तेवढी दिसली.

बाहेर अख्खं ग्वाल्हेर लोटलं होतं. नया बाजार नि जयेंद्रगंज ओस पाडून लोक मैदानावर आले होते. "अरे गया, गया!" म्हणून ओरडत होते आणि लगेच टाळ्या पिटत होते. विलायतेत गावोगाव विमानांचे खेळ करणारी साहेबांची एक मंडळी यंदाच्या थंडीत इथं उतरली होती. विमानं जर्मनच्या लढाईतली, जुनी, लाकडाची नि कापडाची. पण तांबडा-पिवळा रंग फासून अशी सजवलेली, की वरातीतल्या घोड्यानं लाजावं. आणि इकडे सरदार जयसिंहरावांच्या घरच्या झाडून साऱ्या बायका, शालू-पैठण्या नेसून, माना वर करून छत बघत बसल्या होत्या.

ही करामत त्यांच्या कारभाऱ्यांची, सदाशिवरावांची. माणूस भला, पण कायम धास्तावलेला. सरदारांच्या घरी पडदा कडक आणि त्यावर पहारा खुद्द बाईसाहेबांचा, म्हणजे जयसिंहरावांच्या पत्नीचा. आधीचे कारभारी कनातीला एक भोक राहिलं म्हणून कायमचे घरी बसले होते. तेव्हा सदाशिवरावांनी मैदानावर चारी बाजूंना उंच कनाती ठोकल्या, बोटभर फट ठेवली नाही. मग आज सकाळी त्यांनी सहज वर बघितलं आणि चूक ध्यानात आली. कनाती बाजूंना, आणि साहेब तर येणार वरून! अहो, तो थेट ताटात डोकावल्यासारखा आत बघणार. घाईघाईनं त्यांनी घरच्या लग्नातला शामियाना आणवला आणि वर ताणून बसवला. पडदा पक्का झाला. आता बायकांना विमान दिसायचं कसं, हा विचार काही त्यांच्या डोक्याला शिवला नाही. नोकरीवर बेतलं की माणसाला तेवढंच दिसतं, त्यांना तरी नावं का ठेवा.

दुसरं विमान गेलं, आणि आतून बोलावणं आलं. सदाशिवराव कनातीला नाक लावून उभे राहिले. पलीकडून बाईसाहेबांनी अगदी शांतपणे विचारलं, की पहाटे उठून, नथ-पुतळ्यांचा साज चढवून आम्ही मांडवाची फुलं मोजायला आलो का? सदाशिवरावांनी चाचरत साहेबाच्या नजरेचा मुद्दा मांडला. मुद्दा बिनतोड होता आणि पडदा तर बाईसाहेबांचाच नियम. पण विमानही बघायचं होतंच. शेवटी हुकूम सुटला. साहेबाला गाठा, आणि खाली बघायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घ्या. ते जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका.

सदाशिवराव धोतराचा सोगा सावरत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळाले. तिथं कातडी टोपी घातलेला, तेलानं माखलेला एक तरणा साहेब आपल्या विमानापाशी चहा पीत उभा होता. सदाशिवरावांचं इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरतं. "आय बेग टू स्टेट" अशी त्यांनी सुरुवात केली आणि पुढचं सगळं हातवाऱ्यांवर भागवलं. साहेबाला आधी वाटलं, बायकांना विमानात बसायचंय. खरी गोष्ट कळली तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, डोकं खाली नि पाय वर अशा वेळी मी बायका बघत बसलो तर त्यांच्याच अंगावर येऊन पडेन. सदाशिवरावांचं तेवढ्यानं समाधान होईना. त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं, आणि वर त्याच्या देवाची शपथही.

परत येऊन धापा टाकत त्यांनी सगळं कनातीपलीकडे सांगितलं.

"मग काढा ते छत," बाईसाहेब म्हणाल्या. "बघितलंच त्यानं, तर पडेल. तेवढी शिक्षा पुरे."

गड्यांनी दोर सोडले, शामियाना उतरला आणि आत लख्ख ऊन पडलं. साहेबाचं विमान आलं. कनातींच्या मधल्या आभाळात ते सरळ वर चढलं, उलटं झालं, आणि गिरकी घेत इतकं खाली आलं की बायकांचे पदर उडाले. किंकाळ्या, हसू, सगळं एकदम. धाकट्या सूनबाई सुमनताई तर उभ्या राहून टाळ्या पिटायला लागल्या, आणि त्यांना कुणीही खाली बस म्हणालं नाही.

सदाशिवराव बाहेर उभे राहून विमान सोडून साहेबाच्या मानेकडे बघत होते. विमान पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मान समोर ती समोरच. शब्दाला जागला पठ्ठ्या! त्यांना अगदी गहिवरून आलं. नोकरी वाचली होती.

खेळ संपला. लोक पांगले. बग्घ्या कनातीला लागल्या आणि सदाशिवरावांना पुन्हा बोलावणं आलं. शाबासकीच असणार, म्हणून ते पगडी नीट करून गेले.

पलीकडे बाईसाहेब नुसत्या धुमसत होत्या.

"असं सांगितलंत तरी काय हो त्या साहेबाला?" त्या म्हणाल्या. "इतक्यांदा डोक्यावरून गेला, पण मेल्यानं एकदा म्हणून खाली बघितलं नाही."