ओवाळलेला ब्रेड

शनिवारी दुपारी चार वाजता घोटावड्यात शुभांगीच्या तान्ह्या बाळाचं रडणं एकाएकी थांबलं.

तोवर स्वयंपाकघरात भुतं भाजणं चाललं होतं. थोरल्या गौतमीला वाढदिवसाला भुतांचा खाऊ हवा होता. शुभांगी ब्रेडच्या स्लाइसला बाटलीच्या झाकणानं डोळे आणि तोंड पाडून तव्यावर टाकत होती.

"ह्याचं तोंड लई मोठं झालं. आजीवानी!" गौतमी खिदळली.

"आन् तुजं काय बारकं हाय?" सासू गोजराबाई म्हणाल्या.

बाळ सकाळपासून रडत होतं. दृष्ट लागली म्हणून भाकरतुकडा ओवाळून टाकावा, तर टोपलीत भाकरी नव्हती. गोजराबाईंनी तोच मोठ्या तोंडाचा ब्रेड उचलला, माजघरात जाऊन बाळावरून ओवाळला आणि कुंपणापलीकडे कुत्र्याला टाकला.

"बघ, उतरली," त्या परत येत म्हणाल्या.

शुभांगी पाळण्यापाशी गेली. बाळाचा चेहरा लालबुंद होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड वासलेलं होतं. आवाज मात्र नव्हता.

रडणं कुंपणापलीकडून येत होतं.

"आत्याबाई, त्यो ब्रेड आत आणते मी!"

"येडी का काय! ओवाळून टाकल्यालं कुणी घरात आणतं व्हय?" गोजराबाईंनी तिचा हात धरला.

शुभांगी हात सोडवून फाटकाबाहेर धावली. कुत्रा शेपूट घालून भिंतीला चिकटला होता. गवतात ब्रेड नव्हता.

तिच्या बाळाचं रडणं पिरंगुटच्या रस्त्यानं लांब लांब चाललं होतं.