नावाआधी

नर्सने ह्यांचं इंजेक्शन आणायला मला खाली पाठवलं. दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीशी नुसता मोबाईल नंबर सांगितला, की आपली सगळी कुंडली त्यांच्या कॉम्प्युटरवर येते. खिडकीतली मुलगी ती रांगेला ऐकू जाईल अशी वाचते. माझं नाव, वय, पत्ता, ह्यांचं दुखणं. पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मी भिंतीकडे बघत नुसतं हं, हं करते.

आज ती नावापाशीच अडखळली.

"काकू, तुम्ही काही बदलून घेतलंत का?"

"नाही गं. का?"

"रोज 'सौ.' असतं. आज 'श्रीमती' आलंय. कुणीतरी चुकीचं टाकलं असणार. थांबा, नीट करते."

माझ्या मागचे गृहस्थ मोबाईलवर बोलायचे थांबले. तिने दोन-तीनदा बटणं दाबली.

"होतच नाहीये हो. हे वरूनच आलंय, आयसीयूमधून..."

तिने बटणांवरचा हात काढून घेतला.

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. दवाखान्याचाच नंबर होता. मी पर्सची चेन लावून टाकली. आत तो वाजतच राहिला.

"उचला ना, काकू." हे मात्र रांगेला ऐकू गेलं नाही.

"उचलते," मी म्हटलं. "आधी तू ते अजून एकदा बदलून बघ."