सगळे मिळून

"थांब गं, आई मागे राहिली!" नवऱ्याने भर दालनात हाळी दिली आणि चित्रकलेच्या बाई पुन्हा थांबल्या. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली होती.

एवढं नावाजलेलं संग्रहालय, आणि यांचं बिऱ्हाड सकाळपासून मडक्यांच्या दालनाच्या पुढे सरकत नव्हतं! सासूबाईंना दिसेल त्या बाकावर टेकायचं होतं. लेकीला भूक लागली, मग तहान, मग पुन्हा भूक. नवरा प्रत्येक पाटी वाचत होता, आणि तीही मोठ्याने. घरचा कायदाच होता, जे बघायचं ते सगळ्यांनी मिळून. लग्नापासून बाईंनी साधी चप्पलसुद्धा एकटीने घेतली नव्हती. सगळे जाणार, सगळे नाकं मुरडणार.

बाईंना इथलं एकच चित्र हवं होतं. दोरीवर चादर वाळत घालणारी मुलगी. शाळेत वर्षानुवर्षं पुस्तकातलं ते चित्र दाखवून त्या पोरांना घसा फोडून सांगत आल्या होत्या, "सावली बघा रे, निळी आहे, काळी नाही!" ती खरोखर निळी आहे की छापखान्याची करामत, एवढं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. उद्या पहाटे परतीची गाडी. पुन्हा इथे कोण आणतंय?

"अहो, बंद व्हायची वेळ झाली. आता तरी चला."

"अगं, मडकी काय वाईट आहेत?"

"मडकी घरी आहेत!" बाई कडाडल्या आणि तरातरा निघाल्या. मागून "अगं हळू, अगं हळू" चालूच होतं. वाटेत जिना लागला, तिथे सासूबाईंनी कठड्याला मिठी मारली. बाईंनी या वेळी वळूनही पाहिलं नाही.

शेवटच्या दालनाचं अर्धं दार लागलं होतं. दुसरी फळी धरून पहारेकरी उभा होता.

"बंद झालं, बाई." मग त्याने त्यांचा चेहरा पाहिला. त्याला काय वाटलं कोण जाणे, आवाज उतरवून म्हणाला, "एकट्याच आहात ना? या चटकन. दिवे मालवेपर्यंत बघून घ्या."

फटीतून त्या चित्राच्या चौकटीचा कोपरा दिसत होता. बाईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, आणि मान मागे वळवून खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो! आईंना घेऊन या लवकर! उघडं आहे अजून!"

"उघडं आहे" एवढंच ऐकून बाहेरच्या अख्ख्या व्हरांड्यातली माणसं वळली. बघता बघता दाराशी ही झुंबड उडाली. पहारेकऱ्याने कपाळावर हात मारला.

"काय केलंत हे, बाई! आता कुणालाच सोडता येणार नाही." त्याने त्यांना अलगद बाहेर घेतलं आणि आतून कडी लावली.

गर्दी कुरकुरत पांगली तेव्हा सासूबाईंना आणि लेकीला हाताला धरून नवरा धापा टाकत पोचला. काय झालं ते त्याने ऐकून घेतलं. बंद दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं.

"अगं वेडे," तो म्हणाला, "मग एकटीने जायचंस ना आत. आम्ही कधी अडवलंय तुला?"