वय वर्षे चार

"चौथ्या साइटनेही खातं बंद केलं." मंजिरीने मोबाइल नवऱ्यापुढे धरला. 'तुमची माहिती खोटी वाटते,' एवढंच लिहिलं होतं.

घरात लहान मूल असलं की पैसे देणारे सर्व्हे जास्त येतात, म्हणून तिने सगळीकडे 'मुलगी, वय चार' भरलं होतं. बिस्किटं, दप्तरं, केसांचं तेल, कशावरही विचारा. "क्रीमचं बिस्किट आधी उघडून चाटते," ती न थांबता टाइप करायची.

नवऱ्याने सगळं वाचलं. "तीन वर्षं झाली. दर वर्षी वय वाढवायला हवं होतंस," तो हळूच म्हणाला.

"सात टाकलं होतं एकदा. पहिलाच प्रश्न, डब्यात तिला काय आवडतं? सात वर्षांची झाली असती तर काय आवडलं असतं, मला कुठं माहितेय?"