एकेचाळिसावा रोजा

"माझा रोजा आहे," वेनिंग म्हणाली, आणि तिच्यापुढे धरलेली, भाजलेल्या मटणाच्या तुकड्यांची सातेची काडी तिच्या बापाच्या, गियोनोच्या हातात तशीच राहिली.

बकरी ईदचा तिसरा दिवस होता. अंगणात निखारे फुलले होते आणि कुर्बानीचं मटण काही केल्या संपत नव्हतं. फाटकाशी शेजारच्या सुतार्मीकाकू पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. चौदा वर्षांच्या वेनिंगने पाण्यावर दुआ फुंकली की गुण येतो, असं गल्लीने ठरवलं होतं. वेनिंगला कुणी विचारलं नव्हतं. आधी सोमवार-गुरुवार, मग एक दिवसाआड, मग रोजच रोजा, अशी मुलगी गल्लीत दुसरी नव्हती. मागच्या आठवड्यात तिच्या फुंकरीने एकाची स्कूटर सुरू झाली होती. आज काकूंची कोंबडी अंडी देत नव्हती.

"आज?" काकू म्हणाल्या. "अगं, आज रोजा धरणं हराम आहे! ईद आणि पुढचे तीन दिवस. हे खायचेच दिवस."

वेनिंग कानातली वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"विसरली असेल," गियोनो म्हणाला.

"ही विसरेल? सगळी गल्ली हिला विचारून रोजे धरते!" काकूंनी एकदा वेनिंगकडे बघितलं, एकदा बाटलीकडे. "बरं... कोंबडीचं नंतर बघू." आणि जाता जाता पाच काड्या केळीच्या पानात बांधून घेऊन गेल्या.

गियोनो वीस वर्षं बाक्सोची, खिम्याच्या गोळ्यांच्या सुपाची गाडी ढकलत होता. खिम्याचा गोळा तळहातावर घेतला की तो किती ग्रॅमचा, हे काट्याच्या आधी सांगायचा. आज त्याने पहिल्यांदाच त्या नजरेने लेकीकडे बघितलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपराशी जाऊन बसलं होतं. पट्ट्याला सातेच्या काडीने नवं भोक त्यानेच पाडून दिलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा तो म्हणालाही होता, हल्लीचे पट्टे फार सैल पडतात.

"परवा ईदला काय खाल्लंस?"

"मटण वाटत फिरत होते ना मी."

एकोणीस घरी वाटलं होतं. प्रत्येक घराला वाटलं, मागच्या घरी खाऊन आली असेल.

"आणि काल?"

"डोकं दुखत होतं."

बाकावर तिचा फोन किणकिणला. त्या फोनवर ती प्रवचनं ऐकते अशी गियोनोची समजूत होती. म्हणून तर गल्लीत शिरताना तो गिऱ्हाइकांना बोलवायला वाटीवर चमचा वाजवायचं बंद करायचा. लेकीचं लक्ष विचलित होऊ नये आणि गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

त्याने फोन उचलला. पडद्यावर एक मुलगी उभी होती. तिची कंबर त्याच्या डावाच्या दांड्याएवढी होती. खाली लिहिलं होतं : 'दिवस एकेचाळिसावा. आज काही खाल्लंस का?' त्याखाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'.

"ही कोण?"

"माहीत नाही."

"आपल्या शाळेतली?"

"बाबा, ती जगभर आहे."

"जगभर आहे आणि जेवत नाही?"

"जेवते. बदाम."

"किती?"

"सहा."

गियोनोने मान हलवली. दिवसाला साठ गिऱ्हाइकं यायची. प्रत्येकाला तो सवयीने विचारायचा, जेवलात का? पोलिसालासुद्धा. एकदा तर अंधारात एका शेळीला विचारून बसला होता. लेकीला मात्र दीड महिन्यात विचारलं नव्हतं. रोजेदाराला असं विचारतात का कुणी? त्या दीड महिन्यात घरात तिला हा प्रश्न विचारणारी ही फोनमधली एकटीच होती, सहा बदामांवर जगणारी.

त्याने फोन परत बाकावर ठेवला. हळूच ठेवला, जणू पाहुणा आहे.

"वेनिंग, जेवलीस का?"

तिचे खांदे हलायला लागले.

"नाही," ती म्हणाली. "बाबा, आता घास जातच नाही. भूक लागते आणि जात नाही. जिना चढले की काळोख येतो."

"उद्या दवाखान्यात जाऊ."

"रागावलात?"

"मी पण आज खात नाही. तू खाल्लंस की खाईन."

"तुम्हाला पण हराम आहे ते!"

"मग आपण दोघं मिळून नरकात जाऊ. निखारे तिथेही असतील, गाडी घेऊन जातो."

त्याच क्षणी त्याचं पोट गुरगुरलं. एवढ्या मोठ्याने की भिंतीपलीकडून काकूंची कोंबडी ओरडली. वेनिंग रडता रडता हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. गियोनोने काडीवरचा सगळ्यात लहान तुकडा सोडवला, तोही सुरीने अर्धा केला आणि गोड सोया सॉसमध्ये बुडवून तिच्या बोटांत दिला.

तिने तो बराच वेळ धरून ठेवला. सोयाचे थेंब अंगठ्यावरून ओघळले. मग तिने डोळे मिटले आणि तो तोंडात टाकला. चावत राहिली, चावत राहिली. गियोनो श्वास रोखून निखाऱ्यांकडे बघत होता. शेवटी घोट उतरल्याचा आवाज आला.

फोन पुन्हा किणकिणला. आज काही खाल्लंस का?

"बाबा," वेनिंग घाबरून म्हणाली, "आता तिला काय सांगू?"

गियोनोने दुसरा अर्धा तुकडा सोयात बुडवला.

"सांग, माझा रोजा आहे."

वेनिंगने 'नाही'वर अंगठा टेकवला. काचेवर तपकिरी, चिकट ठसा उमटला, आणि त्याच्याखाली ती बारीक कमरेची मुलगी टाळ्या वाजवू लागली.